लष्करी पैशाचा हिशेब शिकताना: गणवेशातल्या आणि मुलकी नवोदितांसाठी

आपल्या भूदलात पगार आणि बिलांचं काम पाहणारी वेगळी गणवेशधारी कोअर नाही. अमेरिकेच्या लष्करात फायनान्स कोअर आहे, तिथले सैनिक हिशेबाचं शिक्षण साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला घेतात. आपल्याकडे गरज मांडणारा, खर्च करणारा आणि मालाची पावती देणारा असतो सैनिक. बिल तपासून पैसे देणारा असतो संरक्षण लेखा विभागाचा मुलकी कर्मचारी. त्यामुळे लष्करी पैशाचं काम अर्धं युनिटच्या कार्यालयात शिकावं लागतं आणि अर्धं लेखा कार्यालयात. एकाच बाजूने शिकलेला माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूला दोष देत राहतो.

हा लेख दोघांसाठी आहे. कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) सीजीएल परीक्षा देऊन संरक्षण लेखा विभागात ऑडिटर म्हणून रुजू झालेल्या मुलामुलींसाठी, आणि युनिटमध्ये अचानक 'अकाउंटचं काम तू बघ' असं सांगितलं गेलेल्या क्लार्क, हवालदार किंवा तरुण अधिकाऱ्यासाठी. पैसा किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये होती, आणि त्यातले १ लाख ६० हजार कोटींहून जास्त फक्त निवृत्तिवेतनासाठी.

पायरी १: कोण कुठे बसतं ते आधी पाहा

पहिल्या आठवड्यात नियमांचं पुस्तक उघडू नका. एक कोरा कागद घ्या आणि आपल्या टेबलावर येणारा कागद कुठून येतो, पुढे कुठे जातो, ते काढा.

सगळ्यात वर दिल्ली कॅन्टोन्मेंटला संरक्षण लेखा महानियंत्रक, म्हणजे सीजीडीए. हा विभाग आपला प्रारंभ १७४७ पासून मोजतो आणि दर वर्षी १ ऑक्टोबरला वर्धापनदिन साजरा करतो. सीजीडीएच्या हाताखाली प्रधान नियंत्रक आणि नियंत्रक असतात, बोलीत 'पीसीडीए' आणि 'सीडीए'. महाराष्ट्रातल्या माणसाला हे जग घराजवळच सापडतं. भूदलाच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्या पीसीडीए (ओ) मधून निघतो. लडाखमध्ये असलेल्या लेफ्टनंटचाही. दक्षिण कमांडची बिलं पाहणारं पीसीडीए कार्यालयही पुण्यातच आहे. नौदलाचं मुंबईला, आणि निवृत्तिवेतनाचं मुख्य कार्यालय प्रयागराजला.

जवान आणि जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) यांचा पगार मात्र त्यांच्या रेजिमेंटच्या पीएओ (ओआर), म्हणजे पगार लेखा कार्यालयाकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावला, तोफखान्याचा नाशिक रोडला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचा कामठीला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला. नौदल आणि हवाई दलाची रचना थोडी वेगळी आहे: हवाई दलाला स्वतःची अकाउंट्स शाखा आहे आणि पगाराचं केंद्र दिल्लीत, नौदलाचं पगार कार्यालय मुंबईत. यापुढची उदाहरणं भूदलातली आहेत, पण विचाराची पद्धत तिन्ही दलांना लागू पडते.

पायरी २: प्रत्येक रुपयाला चार प्रश्न विचारायची सवय लावा

कागद कोणताही असो, चार प्रश्न विचारा. मंजुरी कोणी दिली, आणि तेवढी मंजुरी देण्याचा अधिकार त्याला आहे का? पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या खात्याखाली, आहे आणि त्यात शिल्लक आहे का? ठरलेल्या पद्धतीने गेलो का? आणि माल किंवा सेवा खरोखर मिळाल्याचा पुरावा कुठे आहे?

चारही उत्तरं कागदावर असतील तर बिल अडत नाही. एक जरी गळालं, तर साहेबांच्या फोननेही ते पुढे सरकू नये.

पहिल्या प्रश्नाचा पाया २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहे, सगळे त्याला 'जीएफआर' म्हणतात. त्यातला नियम २२ सांगतो की सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय सरकारी पैशातून खर्चही करायचा नाही आणि खर्चाची जबाबदारीही अंगावर घ्यायची नाही. दुसऱ्या भागाकडे नवशिक्यांचं लक्ष जात नाही. दुकानदाराला तोंडी 'माल पाठवा, कागद नंतर करू' म्हटलं की जबाबदारी तयार झाली, एक रुपया न देताही. त्याच्या आधीचा नियम २१ मला या सगळ्या पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो: सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी दक्षता घेईल तेवढीच सरकारी पैशाबाबत घ्यायची. नियम सापडेना तेव्हा तिथून सुरुवात करा.

कोणाला किती अधिकार, हे 'डीएफपीडीएस' या वित्तीय अधिकारांच्या आदेशात दिलेलं असतं. मंजुरी देणाऱ्याला 'सीएफए' म्हणतात, म्हणजे सक्षम वित्तीय अधिकारी. त्याचे काही अधिकार स्वतःचे असतात, काही मात्र 'आयएफए' या वित्तीय सल्लागाराच्या सहमतीनेच वापरता येतात. टेबलावर नेहमी ताजी प्रत ठेवा. या मर्यादा बदलत राहतात, आणि मागच्या क्लार्कने भिंतीला चिकटवलेला तक्ता हा पुरावा होत नाही.

याच पायरीवर गणवेशातल्या माणसाने एक फरक पक्का करून घ्यायचा: पब्लिक फंड आणि रेजिमेंटल फंड. सरकारी तिजोरीतून आलेला, आणि उरला तर सरकारकडे परत जाणारा पैसा तो पब्लिक फंड. न वाटलेला पगार यातच येतो, मृत जवानाच्या मालमत्तेची रक्कमही यातच येते. युनिटने स्वतः उभा केलेला, जवानांच्या कल्याणासाठीचा पैसा तो रेजिमेंटल फंड. दोन्हींची कॅशबुकं वेगळी, बँक खाती वेगळी. 'दोन दिवसांसाठी इकडून तिकडे फिरवू' हे वाक्य कोणीही उच्चारलं तरी तिथेच नाही म्हणा. हेतू चांगला असूनही चौकशीला सामोरं जावं लागलेली माणसं बहुधा याच वाक्यापासून घसरलेली असतात.

पायरी ३: पगाराची साखळी एका जवानाच्या मागे चालत शिका

पुस्तकातून पगार शिकायला गेलात तर भत्त्यांच्या यादीत हरवाल. त्यापेक्षा एका शिपायाच्या आयुष्यातली घटना घ्या आणि तिचा प्रवास पाहा.

समजा, सांगलीचा एक नाईक काश्मीरमध्ये फील्ड एरियात होता आणि आता त्याची बदली पुण्याला झाली. युनिटमधून तो निघाला, ही घटना. ती युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या बदलांची नोंद करणाऱ्या आदेशात, प्रसिद्ध व्हायला हवी. तिथून ती रेकॉर्ड ऑफिसकडे आणि पीएओकडे जाते. पीएओ त्याच्या वैयक्तिक खात्यात, म्हणजे आयआरएलएमध्ये, नोंद करतो आणि फील्ड एरियाचा भत्ता थांबतो. महिन्याच्या पे-स्लिपवर ते दिसतं.

आता समजा, ही ऑर्डर निघायला पाच महिने लागले. पाच महिने भत्ता चालूच राहिला. नाईकाने तो घरी पाठवला, खर्च झाला. मग एके दिवशी पे-स्लिपवर वसुली आली आणि हातात येणारी रक्कम एकदम खाली गेली. त्याची चूक काहीच नाही. तो म्हणतो पीएओने पैसे कापले. पीएओ म्हणतो युनिटने कळवलं नाही. दोघंही खरं बोलतात, आणि सांगलीत त्याच्या बायकोला किराणावाल्याला थांबायला सांगावं लागतं. हीच गोष्ट निवृत्तीच्या तोंडावर झाली तर अंतिम हिशेबातच खातं उणे निघतं.

म्हणून युनिट क्लार्कसाठी माझा पहिला आग्रह हा: आगमन, निर्गमन, रजा, बढती, लग्न, मुलाचा जन्म या नोंदी त्याच आठवड्यात प्रसिद्ध करा. तारखा मूळ कागदाशी ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग आधार, बँक पासबुक आणि सेवापुस्तक यांत एकच आहे ना, हे भरतीनंतर लगेच बघा. पंधरा वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या वेळी बघितलं तर प्रतिज्ञापत्रांच्या फेऱ्या सुरू होतात.

पीएओमधल्या नव्या ऑडिटरसाठी आग्रह असा: ऑर्डर परत पाठवायची असेल तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी लिहा. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी असं करू नका. तुमच्या दृष्टीने तो एक अनुक्रमांक असतो, पलीकडे एका घराचा महिना असतो.

काही आकडे तोंडपाठ असावेत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, लेफ्टनंटचं ५६,१०० रुपयांपासून. मिलिटरी सर्व्हिस पे जवान आणि जेसीओंना ५,२०० रुपये, ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५००. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता दोन मुलांसाठी, आणि त्याचा दावा आर्थिक वर्ष संपल्यावर वर्षातून एकदा.

अग्निवीराचा हिशेब या साच्यात बसवू नका. पहिल्या वर्षी त्याचं मासिक पॅकेज ३०,००० रुपये. त्यातले ९,००० कॉर्पस फंडात जातात, सरकार तेवढेच घालतं आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी पॅकेज ४०,००० होतं. महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे त्याला लागू नाही. चार वर्षांनी मिळणाऱ्या सेवा निधीबद्दल ही मुलं तुम्हालाच विचारतील. तेव्हा 'बघू' असं उत्तर देऊ नका; बसून समजावून सांगा.

प्रवासभत्त्याबद्दल थोडक्यात: तिकिटं डीटीएस म्हणजे डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरून काढायची, आणि प्रवास संपल्यावर दावा लगेच टाकायचा. जीएफआरमध्ये मुदत ६० दिवसांची आहे. बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, हालचालीचा आदेश हे तीन कागद हरवले नाहीत तर बाकी काम सोपं आहे.

निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून चालतं. लेखा कार्यालयात किंवा सैनिकी केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकाने त्यात हयातीचा दाखला कसा भरायचा ते स्वतः करून पाहावं. साताऱ्याच्या गावातली वीरपत्नी तुमच्या खिडकीशी येईल तेव्हा तिला पोर्टलचा पत्ता लिहून देऊन भागत नाही. तिच्या अंगठ्याचा ठसा उमटत नसेल तर पर्याय कोणता, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पायरी ४: एक छोटी खरेदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहा

खरेदीचे दोन मोठे रस्ते आहेत. तोफा, विमानं, जहाजं यांसारख्या भांडवली खरेदीसाठी २०२० ची संरक्षण संपादन प्रक्रिया. रोजच्या महसुली खरेदीसाठी संरक्षण खरेदी नियमपुस्तिका, बोलीत 'डीपीएम'. २००९ ची डीपीएम सोळा वर्षं चालली. नवी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या सवयीने जुन्या पुस्तकातला परिच्छेद उद्धृत कराल तर फाइल परत येईल. नवशिक्याचं काम बहुतेक या दुसऱ्या रस्त्यावरच असतं.

उदाहरण घेऊ: फायरिंग रेंजसाठी लक्ष्यफलक हवे आहेत.

युनिट प्रथम 'स्टेटमेंट ऑफ केस' लिहितं. काय हवं, किती, का, आत्ता किती आहेत, अंदाजे किंमत किती आणि ती कशावरून काढली. इथे वेळ द्या. 'प्रशिक्षणासाठी आवश्यक' या दोन शब्दांनी गरज सिद्ध होत नाही. वर्षाला किती जवान गोळीबार करतात, एक फलक किती दिवस टिकतो, जुने किती निकामी झाले, हे लिहिलं की सल्लागाराला प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

मग निधीचा दाखला. लक्ष्यफलक वार्षिक प्रशिक्षण अनुदानातून, म्हणजे एटीजीमधून, घेता येतात. त्याच अनुदानातून ऑफिसचा सोफा घेता येत नाही, अनुदानात कितीही शिल्लक असली तरी. शीर्ष चुकलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. शीर्षं लक्षात ठेवण्यासाठी वर्गीकरणाची पुस्तिका जवळ ठेवा. भूदलाच्या महसुली खर्चाचं मुख्य शीर्ष २०७६, नौदलाचं २०७७, हवाई दलाचं २०७८, भांडवली खर्चाचं ४०७६, निवृत्तिवेतनाचं २०७१.

त्यानंतर सीएफए गरजेला मान्यता देतो, लागत असेल तर आयएफएची सहमती घेऊन. मग सरकारी ई-बाजार 'जेम' वर शोध किंवा बोली, तुलना, सर्वांत कमी दर देणारा पात्र पुरवठादार, खर्चाची अंतिम मंजुरी आणि पुरवठा आदेश. कोणत्या रकमेपर्यंत थेट घेता येतं आणि कुठून बोली मागवावी लागते, ते ताज्या दुरुस्तीत बघा. एक मोह मात्र आधीच ओळखून ठेवा: वरच्या अधिकाऱ्याकडे फाइल जाऊ नये म्हणून मागणीचे तुकडे पाडणं. जीएफआरचा नियम १५७ हे स्पष्ट मना करतो, आणि सलग तारखांची तीन बिलं बघितली की ऑडिटरला ते एका मिनिटात कळतं.

माल आला की मोजा, तपासा, खातेवहीवर घ्या. सीआरव्ही, म्हणजे माल मिळाल्याचं व्हाउचर, हा या सगळ्या फाइलचा कणा आहे. माल न पाहता सीआरव्हीवर सही मागणारा कितीही ज्येष्ठ असला तरी सही देऊ नका. तुम्ही दोन स्टार लावलेले लेफ्टनंट असाल आणि समोर पंचवीस वर्षं सेवा झालेले सुभेदार साहेब असतील, तर नम्रपणे म्हणा, 'साहेब, चला, आधी स्टोअरमध्ये जाऊन मोजू या.' चांगला सुभेदार याच उत्तराची वाट पाहत असतो.

शेवटी बिल: कंटिन्जंट बिलाचा, म्हणजे किरकोळ प्रासंगिक खर्चाच्या बिलाचा, फॉर्म, मंजुरीची प्रत, पुरवठा आदेश, पुरवठादाराचं बीजक, सीआरव्ही, तपासणीचा शेरा, आणि बँकेचा तपशील. हा संच लावूनच पाठवा. लेखा कार्यालयातल्या नव्या माणसाने हे बिल हातात आल्यावर पुन्हा पहिल्या चार प्रश्नांपासून सुरुवात करायची. बँक खातं अचानक बदललं असेल तर आधीच्या कागदांवरून खात्री करून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि बिल बरोबर असेल तर उगाच ठेवून घेऊ नका. छोटा पुरवठादार पैशासाठी महिनोन्महिने थांबला की पुढच्या वेळी तो दर वाढवून टाकतो. ते नुकसान कोणत्याच ऑडिटमध्ये दिसत नाही, पण ते सरकारचंच असतं.

पायरी ५: वर्ष एप्रिलमध्ये सुरू करा

३१ मार्चला न खर्चलेला निधी संपतो, पुढच्या वर्षात जात नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जाग फेब्रुवारीत येते. अर्थ मंत्रालयाची मर्यादा आहे की शेवटच्या तिमाहीत अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च होऊ नये. त्यामुळे मार्चमध्ये गर्दी केली तर माल आला तरी बिल अडकायचा धोका असतो.

एप्रिलमध्ये पहिलं काम म्हणजे मागच्या वर्षीच्या दिलेल्या पण न भागवलेल्या आदेशांची यादी. नव्या निधीवर पहिला हक्क त्यांचा. उरलेल्यात नवी खरेदी बसवा, महिनावार. सुधारित अंदाज मागवले जातात तेव्हा खरे आकडे द्या. जास्त पैसा असेल तर वेळेत परत करा. दुसऱ्या कुठल्या तरी युनिटला त्यातून थंडीचं सामान मिळेल. परत केला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल, या भीतीने पैसा धरून ठेवणं ही लष्करी हिशेबातली सर्वांत महागडी सवय आहे असं माझं मत आहे.

पायरी ६: ऑडिटला वैरी समजू नका

युनिटमध्ये दोन प्रकारचे तपासनीस येतात. स्थानिक लेखापरीक्षण अधिकारी, म्हणजे एलएओ, संरक्षण लेखा विभागाचाच असतो. तो भांडार आणि रोख नोंदी बघतो. 'टेस्ट ऑडिट' म्हणतात ते कॅगकडून येतं. दोघांनाही खातेवही, व्हाउचर आणि प्रत्यक्ष माल या तिन्हींचा मेळ बघायचा असतो. कॅशबुक रोज लिहा, महिन्याला बँकेशी जुळवा, रोकड अधिकाऱ्यासमोर मोजा. आक्षेप आला तर उत्तर कागदानिशी द्या; 'नोंद घेतली आहे' हे उत्तर झालं नाही.

ऑडिटरने लिहिताना नियमाचा क्रमांक, रक्कम आणि काय केल्याने आक्षेप मिटेल, हे तिन्ही लिहावं. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहित नाहीत, आणि म्हणूनच जुने आक्षेप वर्षानुवर्षं यादीत पडून राहतात.

पायरी ७: एकमेकांच्या खुर्चीत बसा

माझं सगळं म्हणणं या पायरीवर येऊन टेकतं. मुलकी ऑडिटरने पहिल्या वर्षात किमान काही दिवस एखाद्या युनिटच्या क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये काढावेत. रेशन कसं उतरतं, हजेरी कशी बदलते, अर्धं युनिट सरावाला गेलं की उरलेले दोन क्लार्क काय करतात, हे पाहावं. मग त्याला कळेल की उशीर प्रत्येक वेळी आळशीपणातून होत नाही. युनिटच्या क्लार्कने आणि क्वार्टरमास्टरने बिल विभागात बसून दिवसाला किती फाइली येतात, त्यांतल्या किती केवळ एका सहीच्या अभावी परत जातात, हे पाहावं. साहेबांकडे अशी परवानगी मागितली तर सहसा मिळते. मागणारेच कमी असतात.

ओळख झाली की फोन करा. 'सीडीएवाले' आणि 'युनिटवाले' या शब्दांऐवजी माणसांची नावं तोंडात आली की निम्मी पत्रं लिहावीच लागत नाहीत.

पुढचं शिक्षण

भारतीय संरक्षण लेखा सेवेचे, म्हणजे आयडीएएस, अधिकारी यूपीएससीतून येतात. मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम आणि फरिदाबादच्या वित्तीय संस्थेतलं प्रशिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण वित्तीय व्यवस्थापन अकादमीत येतात. ऑडिटर आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी विभागाची प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रं आहेत. नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचं शिक्षण मुंबईत मालाडजवळ आयएनएस हमलावर होतं, हवाई दलाच्या अकाउंट्स अधिकाऱ्यांचं कोइमतूरला. नाव आलं की कोर्स टाळू नका, आणि जाताना स्वतःच्या टेबलावरच्या अडलेल्या पाच खऱ्या केसेस लिहून न्या. शिक्षकांना त्याच विचारा.

ऑडिटरने एसएएस या विभागीय परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. असिस्टंट अकाउंट्स ऑफिसर होण्याचा रस्ता तोच आहे. पुस्तकं एका बैठकीत संपवायची नसतात. दिवसात जी फाइल हातात आली, तिचा नियम त्याच संध्याकाळी मूळ पुस्तकात वाचा, दुरुस्तीची तारीख समासात लिहा, आणि एक वही ठेवा: केस, नियम, निर्णय. बदली झाली की त्या वहीची प्रत तुमच्या जागी येणाऱ्याला द्या, आणि चार्ज देताना त्याच्यासोबत कॅशबुक, बँक शिल्लक आणि प्रलंबित बिलांची यादी मोजूनच सही करा.